तुम्ही विचारलंत म्हणून: हो, क्रिएटिन घेते

लग्नाच्या पंगतीत, जिमच्या पायऱ्यांवर, परवा तर नागपुरात बर्डीवर भाजी घेताना: "बाबांचं किडनीनं झालं, तरी तू ते पावडर घेऊन राहिली?" विचारणाऱ्यांनी बाबांचं आजारपण पाहिलंय, ते पुन्हा सांगत नाही. आणि क्रिएटिन, व्यायाम करणारे घेतात ती पावडर, स्टेरॉइड नाही, हे शेवटचं सांगते. आपलं शरीर ते रोज साधारण एक ग्रॅम स्वतःच बनवतं, बाकीचं मांस-मासळीतून मिळतं. आमच्या घरी अंडंही शिजत नाही. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा मुळात कमी असतो. जड वजन उचलताना पहिल्या काही सेकंदांत जी ऊर्जा खर्च होते, ती झटकन भरून काढायला ते लागतं.

मला दंड दाखवायचे नव्हते. शेवटी शेवटी बाबांना पलंगावरून खुर्चीत बसवताना माझे हात थरथरायचे, शेजारच्या दादांना हाक मारावी लागायची. बाबा ओशाळायचे. ते गेल्यावर मी वजनं उचलायला लागले ती त्यासाठी. आता आईचं वय होतंय.

आता माझ्या रक्ताच्या रिपोर्टचं. विम्यासाठी रक्त दिलं होतं. लिफाफा माझ्याआधी आईच्या हाती पडला. तिला इंग्रजी फारसं येत नाही, पण तो एक शब्द ती झोपेतही ओळखेल. आमच्या घरी वर्षानुवर्षं संध्याकाळी तोच प्रश्न असायचा, आज क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालतेय ते सांगणारा रक्तातला आकडा, किती? माझं १.३ आलं होतं, पुढे 'जास्त' अशी खूण. मी ऑफिसातून आले तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती, कुकर लावलेला नव्हता. म्हणाली, "तुझ्या बाबांचंही असंच एक पॉइंट काहीतरीवरून सुरू झालं होतं." मी समजावायला गेले की क्रिएटिनचंच शरीरात क्रिएटिनिन होतं, बाहेरून घेतलं की आकडा थोडा चढतो, त्यावरून किडनी बिघडली असं होत नाही. ती ऐकत होती. मग म्हणाली, "त्यांनाही सगळं समजत होतं. मला सांग, काहून घेतं तू हे? कोणासाठी?" तुझ्यासाठी, हे मला म्हणवेना. त्या रात्री आम्ही दोघी जेवलो नाही.

धंतोलीत बाबांना बघणाऱ्या डॉक्टरांकडेच गेलो. त्यांनी पावडर काही आठवडे बंद करायला लावली, लघवीतलं प्रथिन तपासलं, आणि सिस्टॅटिन सी नावाची किडनीचीच दुसरी रक्ततपासणी केली, तिच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. सगळं ठीक निघालं, क्रिएटिनिनही खाली आलं. त्यांनी आईला सांगितलं, बाबांची किडनी साखरेनं गेली, तेव्हा हिची साखर आणि बीपी दरवर्षी बघत जा, खरी भीती तिथे आहे. मला म्हणाले, घ्यायचंच असेल तर दिवसाला तीन ग्रॅम, आणि रक्त देताना लॅबला आधी सांगायचं. आईनं मान हलवली. पटलं म्हणून नव्हे.

भाच्याला मीच एकेकाळी दटावलं होतं, डाळ-भाकरी खा, डबे कसले आणतो? तो आता मला ते ऐकवतो. तेव्हाची मी डायलिसिसच्या वॉर्डाबाहेर बसलेली होते. तिथे बसून कोणीही तेच म्हणालं असतं. तिला आज मी सगळे अभ्यास दाखवले असते, निरोगी माणसाच्या किडनीला नेहमीच्या मात्रेनं इजा झाल्याचं दिसलेलं नाही, तरी ती म्हणाली असती, पण तू कोणाची मुलगी आहेस? याला माझ्याकडे उत्तर नाही. फायदा तरी किती झाला? थोडा. पूर्वी न उचलवणारं वजन आता उचलवतं. ते पावडरीनं की नेमानं, मला वेगळं काढता येत नाही.

तुम्ही घ्यावं का, हे मात्र मला विचारू नका. किडनीचा त्रास असेल तर घेऊ नका. नसेल तरी आधी एकदा रक्त तपासा, म्हणजे तुमचा मूळ आकडा माहीत राहील.

मी सध्या घेते. एप्रिल-मेमध्ये बंद ठेवते. उन्हात क्रिएटिननं शरीरातलं पाणी कमी पडतं याला पुरावा नाही, मी वाचलंय. पण पारा पंचेचाळीसवर गेला की आई दिवसभर माझ्या पाण्याच्या बाटलीकडे बघत बसते.