नागपूर–पुणे रेप्लिकेशन, नोंद ७ : ८० बाइटांचा हिशेब

नागपूरच्या घरच्या सर्व्हरची प्रत मी रोज रात्री पुण्याच्या सर्व्हरवर पाठवते, तेच हे रेप्लिकेशन. काल रात्री पावणेबाराच्या सुमारास पुण्याच्या सर्व्हरवर नव्या तारखेचा स्नॅपशॉट, म्हणजे विदेची (डेटाची) त्या क्षणाची गोठवलेली स्थिती, उतरला. त्याच्या आधीचा स्नॅपशॉट १९ दिवसांपूर्वीचा होता. माझा ठरवलेला आरपीओ, म्हणजे जास्तीत जास्त किती वेळची विदा गमावणे चालेल ती मर्यादा, २४ तासांचा आहे. या काळात नागपूरच्या घरी काही घडले असते, तर बाबांच्या कॅसेटवरून नुकतीच उतरवलेली ११ ध्वनिमुद्रणे कायमची गेली असती. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा माझ्या दोन्ही मिरर डिस्क (एकमेकींच्या हुबेहूब प्रती) तळमजल्यावरच्या एकाच कपाटात होत्या. पुण्याचा सर्व्हर त्या पहाटेमुळेच उभा राहिला, म्हणून हा खंड मला फार लागला.

नागपूरची जोडणी पहिल्यापासून सीजीनॅटमागे आहे, म्हणजे पुरवठादार अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता वाटून देतो. गेल्या महिन्यात पुण्याच्या पुरवठादारानेही कोणतीही सूचना न देता तेच केले आणि बाहेरून तिथे पोहोचण्याचा आयपीव्ही४ मार्ग बंद झाला. दोन्हीकडे आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) असल्यामुळे मी वायरगार्ड टनेल, म्हणजे दोन सर्व्हरमधला कूटबद्ध खासगी मार्ग, त्यावर हलवला. हँडशेक झाला, पिंग नीट परत येऊ लागला आणि मी निर्धास्त झाले. प्रत्यक्षात एसएसएच (दूरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी) किल्ल्यांच्या देवाणघेवाणीच्या टप्प्यावरच थिजत होते, त्यामुळे स्नॅपशॉट पाठवणाऱ्या सिंकॉइड या साधनाचे काम रोज रात्री सुरू होऊन काहीही न पाठवता मरत होते. पुण्यात सर्व्हरजवळ असलेल्या आतेभावाला फोन केला, तर तो म्हणाला, "ताई, हिरवा दिवा तर चालू आहे, डिस्कचा आवाजही येतोय." त्याचे निरीक्षण अचूक होते, सर्व्हरला काहीच झाले नव्हते.

लहान पॅकेट जाते आणि मोठे हरवते, म्हणजे एमटीयूचा (एका पॅकेटच्या कमाल आकाराचा) घोळ, इतके लक्षात आले. वायरगार्डचा नेहमीचा एमटीयू १४२० असतो. बाहेरून आयपीव्ही४ असेल तर त्यावर ६० बाइट चढतात, आयपीव्ही६ असेल तर ८०. म्हणजे पूर्वी पॅकेट १४८० चे होते, आता पूर्ण १५०० चे झाले; आणि माझी नागपूरची जोडणी पीपीपीओई (प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट स्वतःसाठी घेणारी पद्धत) असल्याने तिथून १४९२ पेक्षा मोठे काही जात नाही. आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करीत नाही, तो फक्त 'पॅकेट फार मोठे आहे' असा आयसीएमपीव्ही६ (आयपीव्ही६ मधल्या अडचणी कळवणारी व्यवस्था) निरोप पाठवतो. तो निरोप माझ्याच सर्व्हरवरच्या, मीच लिहिलेल्या फायरवॉल नियमाने गिळला जात होता.

तरीही दोन रात्री गेल्या, कारण मोजमाप हिशेबाशी जुळेना. १४९२ मधून ८० वजा केले की १४१२ उरतात, म्हणून टनेलमधून १४१२ पर्यंतचे पॅकेट जायला हवे होते. पिंगचा आकार एकेका बाइटने वाढवत गेले, तर १४०८ चे पॅकेट गेले आणि १४०९ चे अडले. हे चार बाइट कुठे गेले? उत्तर वायरगार्डच्या पॅडिंगमध्ये, म्हणजे पॅकेटला जोडल्या जाणाऱ्या रिकाम्या बाइटांमध्ये, सापडले. आतले पॅकेट तो १६ च्या पटीपर्यंत भरून काढतो, फक्त एमटीयूची मर्यादा ओलांडत नाही. १४०८ ही १६ ची नेमकी ८८ पट आहे, त्यामुळे ते तसेच जाते. १४०९ मात्र फुगून १४२० होते आणि बाहेर १५०० ठरते. दोन्ही टोकांना एमटीयू १४१२ केला, आयसीएमपीव्ही६ ला वाट दिली आणि एसएसएच क्षणात उघडले. तो क्षण मी बराच वेळ मनात घोळवला.

पुढचा धक्का लगेच बसला. जागा कमी म्हणून नागपुरात मी केवळ १४ दिवसांचे स्नॅपशॉट ठेवते, त्यामुळे दोन्हीकडचा सामाईक स्नॅपशॉट सॅनॉइडने (स्नॅपशॉट घेणाऱ्या आणि जुने पुसणाऱ्या साधनाने) केव्हाच पुसला होता. तो नसेल तर इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या भागाची) पाठवणी होत नाही आणि १.८ टीबी पुन्हा पहिल्यापासून पाठवावे लागते. माझ्या ४० एमबीपीएस अपलोडला त्यासाठी सलग १०० तास लागतील. पहिली प्रत मी डिस्कवर भरून रेल्वेने पुण्याला नेली होती, ती याच कारणाने. सुदैवाने सिंकॉइडला बुकमार्क करण्याचा पर्याय मी सुरुवातीलाच दिला होता. बुकमार्कमध्ये विदा नसते, केवळ 'इथपर्यंत पाठवले' ही खूण असते. पुण्यात तो स्नॅपशॉट शाबूत असल्याने तेवढी खूण पुरली आणि अवघे २३ जीबी पाठवून दोन्ही बाजू जुळल्या. हाताने स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना माझा आग्रह आहे की सिंकॉइड वापरा.

यापुढे शेवटच्या सामाईक स्नॅपशॉटवर दोन्हीकडे होल्ड (पुसण्यापासून रोखणारे कुलूप) लावणार आहे. शिवाय सूचना आता नागपूरच्या कामाच्या निकालावरून नव्हे, तर पुण्यातल्या ताज्या स्नॅपशॉटच्या वयावरून निघेल; ते ३० तासांपलीकडे गेले की फोन वाजला पाहिजे.

मागच्या नोंदीवर सिंक्रोनस रेप्लिकेशनबद्दल, म्हणजे प्रत्येक राइट (डिस्कवरचे लेखन) दोन्हीकडे झाल्यावरच पूर्ण मानण्याबद्दल, विचारणा झाली होती. रस्त्याने सुमारे ७०० किलोमीटरच्या या अंतरात प्रकाशालाच फायबरमधून जाऊन-येऊन जवळपास ७ मिलिसेकंद लागतात, आणि प्रत्येक राइट तेवढा थांबवणे मला परवडणार नाही.

अमरावतीत उभ्या राहणाऱ्या तिसऱ्या सर्व्हरकडेही विदा नागपूरहूनच ढकलायची, असे ठरले होते. हे लिहितानाच जाणवले की मग नागपूरचा सर्व्हर कोणी ताब्यात घेतला, तर त्याच्या हाती दोन्ही प्रती पुसण्याची किल्ली येईल. म्हणून बेत बदलते आहे : पुणे आणि अमरावती स्वतः विदा ओढून घेतील आणि नागपूरला तिथे प्रवेशच नसेल. अमरावतीसाठी सीताबर्डीत डिस्क पाहिल्या. त्या सीएमआर आहेत (डिस्कवरचे लेखनाचे पट्टे वेगवेगळे) की एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढलेले, म्हणून पुन्हा लिहिणे संथ), हे विक्रेत्याला सांगता येईना, म्हणून घेतल्या नाहीत. माझी विदा ज्यावर आहे त्या झेडएफएस फाइल सिस्टिमला एसएमआर डिस्क रिसिल्व्हरच्या (बदललेल्या डिस्कवर विदा पुन्हा भरण्याच्या) वेळी रडवते, तेव्हा मॉडेल क्रमांक निर्मात्याच्या यादीशी ताडूनच खरेदी करेन.

आज सकाळी पुण्याहून बाबांचे एक ध्वनिमुद्रण परत मागवले. दोन्हीकडचा शा-२५६ (फाइलचा ठसा) जुळला, आणि मग मी ते पूर्ण ऐकले.