आजीच्या देवघरातली सनद

आमच्या रामबागेतल्या घरी देवघरात अहिल्याबाईंच्या तसबिरीशेजारी एक मोडी कागद फ्रेम करून लावलेला आहे. आजी सांगायची, मातुश्रींनी इंदूरच्या राजवाड्यात बसून आपल्या पूर्वजांना जमीन दिली, ही त्याची सनद. वाचता मात्र घरात कुणालाच येत नव्हती.

मागच्या दिवाळीनंतर मी मोडीच्या वर्गाला जाऊ लागलो. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. चौथ्या महिन्यात हिंमत करून फ्रेम उघडली.

पहिली शंका राजवाड्याची. अहिल्याबाईंचा कारभार महेश्वराहून चाले. राजधानी इंदूरला आली 1818 नंतर. म्हटलं, असेल, आजीच्या सांगण्यात गाव बदललं असेल. कागदावर सन शुहूर होता, म्हणजे मराठ्यांच्या दफ्तरातली जुनी कालगणना, अरबी आकड्यांच्या शब्दांत. नेमकी घडी त्यावरूनच गेलेली. मी वाचलं, ‘खमस तिसैन मया व अलफ’. पाच, नव्वद, शंभर, हजार, म्हणजे 1195. हा सन जूनमध्ये, मृगाला बदलतो, म्हणून इसवी सन काढायला जून ते डिसेंबरसाठी 599 मिळवायचे, पुढच्या महिन्यांसाठी 600. आलं 1794-95. बाई वारल्या ऑगस्ट 1795 मध्ये. कसं चपखल बसलं! त्या रात्री मी काकांना फोनसुद्धा केला.

वर्गातल्या सरांनी भिंगातून पाहिलं आणि एवढंच विचारलं, “घडीत ‘तिसैन’ दिसतंय, की तुम्हाला हवंय?” तिथे एवढी अक्षरं मावतच नव्हती. उरलेले फाटे जुळवले तर शब्द निघाला ‘मयातैन’, दोनशे. खमस मयातैन व अलफ, 1205. म्हणजे 1804-05. गादीवर यशवंतराव होळकर, आणि ते त्या वर्षी दिल्ली, डीग, भरतपूर असे इंग्रजांशी झुंजत होते.

मग सरांनी कागद खिडकीशी धरायला लावला. हातकागद असेल असं मी धरून चाललो होतो. उजेडात विलायती कारखान्याचा जलचिन्ह उमटलं, खाली 1846. शिक्क्याच्या जागी नुसतं वर्तुळ काढून आत लिहिलेलं, ‘शिक्का’. म्हणजे ही नक्कल, आणि तीही 1846 च्या आधीची असूच शकत नाही. मी खट्टू झालो. सर मात्र खुशीत: चाळीसेक वर्षांनी कुणाला तरी नक्कल करून घ्यावीशी वाटली, म्हणजे जमिनीवरून काहीतरी भांडण किंवा चौकशी निघालेली असणार, तिचा माग काढा. हे मला कधीच सुचलं नसतं.

मजकुरात पूर्वजांना इनाम नव्हतंच. जमीन देवाच्या नंदादीपाच्या तेलासाठी होती, आमचे लोक नुसते वहिवाटदार. हे आजीला सांगायला मला दोन दिवस लागले. ती ऐकून घेऊन म्हणाली, “मग तेल घालत होते ना रोज?” ते कागदात नव्हतं.

फ्रेम परत तिथेच लावली. मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहून ठेवलंय: नक्कल, कागद 1846 किंवा नंतरचा, मजकूर शुहूर 1205. आणि त्याखाली, कंसात: आजीच्या मते अहिल्याबाई.