नको म्हणणारीही त्याच घरातली होती

मी बडोद्यात एका सरकारी हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर आहे, लहान मुलांचा वॉर्ड माझ्याकडे असतो. आमच्याकडे छोटा उदेपूर, कवांट, नसवाडी आणि पार मध्य प्रदेशातल्या आलिराजपूरपासून पेशंट येतात, राठवा, भिल, नायका असे आदिवासी लोक. गेल्या पावसाळ्यातली एक केस आहे, ती लिहायचीच होती.

चार महिन्यांचं बाळ, मुलगा, 108 ने आणलेला. श्वास मिनिटाला 70 च्या वर, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, ओठ काळेनिळे. न्यूमोनिया. सिस्टरने झबलं वर केलं तर पोटावर डाम. म्हणजे लोखंडाची सळई नाहीतर विळ्याचं टोक तापवून चटके दिलेले, बेंबीच्या आजूबाजूला, काही नुसते लाल आणि दोन चांगलेच चिघळलेले. गुजरातीत या आजाराला ससणी म्हणतात, आपल्याकडे आजीच्या पिढीतल्या बायका डबा झाला म्हणतात, आणि चटका दिला की आतली सर्दी ओढली जाते असा समज खूप जुना आहे. प्रत्यक्षात होतं काय तर जखमेतून वेगळं इन्फेक्शन, आणि त्याहून वाईट म्हणजे वेळ जातो. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला 50 किंवा जास्त असला तर तो जोरात चाललाय असं डब्ल्यूएचओच्या नियमात धरतात, त्यात छाती आत ओढली जात असेल आणि बाळ असं निळं पडलं असेल तर थांबायचंच नाही, सरळ हॉस्पिटल.

ऑक्सिजन लागला, अँटिबायोटिक सुरू झालं आणि इकडे टेबलापाशी वाद सुरू झाला. रेसिडेंट डॉक्टर आपला अमरावतीचा. त्याने मेळघाटात हेच बघितलंय, तिथे डंबा म्हणतात. तो तापलेला होता, ताई आजीवर केस करा, जुव्हेनाइल जस्टिस कायद्याचं कलम 75, मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला शिक्षा देणारं, कशासाठी आहे? एक इंटर्न मुलगी आहे, हुशार आणि मनाने फार चांगली, ती म्हणाली की सर त्यांची संस्कृती आहे, शेकडो वर्षांची, आपण आपली फूटपट्टी घेऊन त्यांना मोजायला कोण? उपचार करू या पण बरोबर-चूक ठरवायला नको.

दोघंही मनापासून बोलत होते. पण बाहेर बाकावर बसलेल्या माणसांशी तोपर्यंत कोणीच बोललं नव्हतं.

मी गेले. आजी पदर डोक्यावर ओढून बसलेली. म्हटलं बा, शुं थयुं? ती म्हणाली, "छोकरो मरी जतो'तो बेन, शुं करुं?" पोरगं मरत होतं, काय करू? तिचा स्वतःचा एक मुलगा असाच धाप लागून गेलेला, आणि दुसरा, म्हणजे या बाळाचा बाप, डाम दिल्यावर वाचला, निदान ती तरी तसंच मानते. हे ऐकल्यावर तिला क्रूर म्हणायला माझी जीभ वळेना. तिला पाहिजे होतं तेच मला पाहिजे होतं, बाळ जगायला हवं. फरक कशाने जगतं एवढ्यापुरता होता, आणि तो फरक बोलून, दाखवून कमी करता येतो. माझ्या आईच्या गावी काविळीला मनगटावर डाग द्यायचे, ते देणारे काही आदिवासी नव्हते, चांगली शिकलेली देशस्थ घरं होती.

मग बाळाच्या आईला भेटले, एकटीला, दूध काढायच्या खोलीत. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली मुलगी. बराच वेळ काही बोललीच नाही आणि मग एकदम म्हणाली, "में तो ना पाडी हती." तिने नको म्हटलं होतं. ममता दिवसाला, म्हणजे गावातल्या आई-बाळाच्या तपासणीच्या दिवशी, आशाबेनने (आशा कार्यकर्तीने) सांगितलेलं तिच्या लक्षात होतं, छाती आत जायला लागली की 108 ला फोन. सासू नको म्हणाली, जेठ, म्हणजे मोठा दीर, ओरडला, फोन नवऱ्याकडे आणि नवरा सुरतेला कामावर. आणि डाम देताना बाळाचे पाय धरायला तिलाच बसवलं. "पग में ज पकड्या'ता, बेन." हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

त्यांची संस्कृती, त्यांची संस्कृती असं आपण म्हणतो तेव्हा त्यात ही मुलगी कुठे असते? तीही राठवाच आहे, त्याच घरात राहते, तीच भाषा बोलते. घरात दोन मतं होती, एकाला जोर होता आणि एकाला नव्हता. बाहेरचा माणूस आदर म्हणून गप्प बसतो तेव्हा तो सगळ्या समाजाचा आदर करत नसतो, ज्याचा आवाज मोठा त्याचाच करत असतो. आणि बाळाला तर मतच नाही, त्याला फक्त कातडी आहे.

हा वाद काही आमच्या वॉर्डात पहिल्यांदा झालेला नाही. 1947 मध्ये युनोत मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता तेव्हा अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनेच निवेदन दिलं होतं की मूल्यं ज्या त्या संस्कृतीची असतात, एकाची सगळ्यांना लावू नका. त्यामागे वसाहतवादाचा अनुभव होता, गोऱ्यांनी सुधारणेच्या नावाखाली काय काय केलं ते बघून ती भीती आलेली, आणि ती मला खरी वाटते. (त्याच संघटनेने 1999 मध्ये मानवी हक्कांच्या बाजूने भूमिका घेतली.) पण तो जाहीरनामा तयार करणाऱ्या युनोच्या मानवी हक्क आयोगात भारताकडून हंसा मेहता होत्या, पुढे आमच्या बडोद्याच्या युनिव्हर्सिटीच्या कुलगुरू झाल्या त्याच. हे हक्क पश्चिमेचे म्हणून आम्हाला नकोत असं त्या म्हणाल्या नाहीत, उलट पहिल्या कलमातून बायका वगळल्या जातील म्हणून भांडून मजकूर बदलून घेतला. आणि आपल्या लोकांचं म्हणाल तर सयाजीरावांनी 1904 मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदा केला तेव्हा इथल्या सनातन्यांनीही धर्मात ढवळाढवळ, आमची रीत आहे हेच म्हटलं होतं. ज्या मुलींची लग्नं लागत होती त्यांना कोणी विचारलं होतं?

बरं, पुढचं सांगते. एमएलसी झाली, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस म्हणून नोंद, ती व्हायलाच हवी होती, पोलीस येऊन जबाब घेऊन गेले. मी माझ्या रिपोर्टमध्ये आईचं म्हणणं वेगळं लिहिलं आणि आजीचा हेतूही लिहिला. आजीला बाळाजवळ नेलं, श्वास मोजायला शिकवलं, पोटावर हात ठेवून, घड्याळ समोर धरून. तिने विचारलं, बाबा पिठोराची (हा राठवांचा देव) मानता, म्हणजे नवस, घेऊ का, पोरगं बरं झालं तर घरात भिंतीवर पिठोरो लिहवून घेईन, म्हणजे त्याचं चित्र काढून घेईन. म्हटलं जरूर घ्या बा. मनगटाला दोरा बांधायचा होता तर सिस्टरने सलाईन नसलेला हात पुढे केला. रेसिडेंटला हे फारसं पटलं नाही, पण यात बाळाला कुठेही इजा नव्हती आणि आजीला त्याने बळ येत होतं. मी रेषा तिथेच ओढते, बाळाच्या अंगाला काय होतं त्यावर, प्रथा कोणाची आहे त्यावर नाही.

बाळ सुधारलं, खिलखिलाट या आई-बाळाला घरी सोडणाऱ्या सरकारी गाडीने घरी गेलं. आशाबेनचा नंबर आईकडे आहे आणि आता साधा का होईना तिचा स्वतःचा फोन आहे, त्यासाठी नवऱ्याला सुरतेहून बोलावून मी आणि त्या रेसिडेंटने दोघांनी समजावलं.

इंटर्नशी माझा वाद अजून चालू आहे. ती म्हणते ताई, आईचं मत शाळेतून आणि आशाबेनकडून आलं, म्हणजे आपल्याकडूनच गेलं ना, मग ते त्यांचं कसं? प्रश्न चांगला आहे. पण शाळा शिकली म्हणून ती मुलगी राठवा राहिली नाही हे ठरवणारे आपण कोण, आणि पिठोराची मानता तर तिलाही हवीच होती. आमच्याकडे केसपेपरवर हिस्ट्री बहुतेक वेळा सोबत आलेला पुरुष सांगतो नाहीतर सासू. मी आता वॉर्डात आग्रह धरते की आईला वेगळं बसवून विचारायचं, काय झालं आणि तुझं काय म्हणणं होतं, आणि ते तिच्या शब्दांत लिहायचं. इंटर्नला यात काही हरकत नाही, रेसिडेंटला वाटतं याला वेळ फार लागतो.