रापणीच्या टोकाचा माणूस

कुडाळला माझं छपाईचं दुकान आहे. पोट चालतं ते वाढदिवस आणि अभिनंदनाच्या फ्लेक्सवर, त्यामुळे कुणी खरा फोटो मोठा करायला घेऊन आलं की मी हातचं काम बाजूला सारतो. तारकर्लीच्या बाजूला होमस्टे काढलेला एक पोरगा असाच आला. जेवणघराच्या भिंतीवर त्याला 12 फूट बाय 8 फुटांचा फोटो हवा होता. विषय रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायच्या मासेमारीचा. घरची रापण, काढणारा तो स्वतः.

फोटो त्यानं व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. रुंदीला 1600 पिक्सेल. 12 फूट म्हणजे 144 इंच, म्हणजे इंचाला 11 पिक्सेल. एकेक चौकोन मोहरीएवढा दिसला असता. म्हटलं, मूळ फाईल आण बाबा. दुसऱ्या दिवशी तो कार्ड घेऊन आला. 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा, 6000 बाय 4000. इंचाला जवळजवळ 42.

आमच्या धंद्यात नवखे लोक 300 च्या खाली ऐकायला तयार नसतात. पण 300 लागतात ते हातात धरून बघायच्या फोटोला. डोळ्याला साधारण एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखता येतो. फूटभरावरून त्याचा हिशोब इंचाला तीनशेच्या आसपास येतो, तर सात फुटांवरून 41 पुरतात. भिंतीसमोर टेबल, टेबलापलीकडे पाव्हणे, अंतर मोजून सात फूट. गणित इतकं चपखल बसलं की मीच माझी पाठ थोपटली. फाईल पडद्यावर पूर्ण मोठी करून मध्यभाग तपासला. वाळूत एक कुत्रं बसलं होतं, त्याचा फाटका कान स्वच्छ दिसत होता. खुशाल छाप म्हटलं. चार-चार फुटांचे विनाईलचे तीन पट्टे, सनबोर्डवर चिकटवून, जोड कुठे आहे ते सांगूनही कळणार नाही असे.

भिंतीवर लावला त्या संध्याकाळी रापणीतले पंधरा-वीसजण बघायला आले. आणि सात फुटांवर एकही माणूस थांबला नाही. सगळे थेट भिंतीला नाक लावून. जो तो स्वतःला शोधत होता, नाहीतर चुलत्याला, नाहीतर शेजाऱ्याला. पाव्हण्यांसाठी केलेलं माझं गणित घरच्या माणसांनी एका मिनिटात मोडून टाकलं.

मालवणकडची रापण ज्यांनी बघितली नाही त्यांना एवढंच सांगतो: होडी समुद्रात अर्धगोल फिरून जाळं टाकते, दोराची दोन टोकं किनाऱ्यावर येतात आणि दोन गट ती दोन बाजूंनी ओढत राहतात. ओढणाऱ्यांची तोंडं समुद्राकडे. म्हणून पोरानं कमरभर पाण्यात उभं राहून, किनाऱ्याकडे तोंड करून फोटो काढला होता. चित्रात माणसं कुठे? एक रांग डाव्या कडेला, एक उजव्या. मध्ये वाळू, सुरूची झाडं आणि ते कुत्रं.

कॅमेऱ्याबरोबर मिळालेली 18-55 मिलिमीटरची झूम लेन्स, तीही 18 वर, म्हणजे सगळ्यात रुंद, आणि उजेड उतरत चाललेला म्हणून लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक पूर्ण उघडं. अशा लेन्सचा जीव मधोमध असतो. कडेला गेलं की रेषा पसरतात, चेहरे बाहेरच्या बाजूला ताणले जातात, काळ्या कडांना जांभळी-हिरवी झालर लागते. त्यात लेन्सवर वाळलेल्या खाऱ्या शिंतोड्यांची साय. पोस्टकार्डाएवढ्या फोटोत यातलं काही कळत नाही. मी मात्र भिंतीएवढा करून दिला होता.

डाव्या टोकाला, ओढलेला दोर गुंडाळणारे आबा होते. सत्तरी पार केलेले. ते चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कुत्र्याचा तोंड दिसता, माजाच दिसणा नाय."

लोक हसले. मी पण हसलो, पण ते वाक्य कुडाळपर्यंत गाडीत माझ्या शेजारी बसून आलं.

रात्री हिशोब मांडला. चित्रात साधारण 30 मीटरचा किनारा होता, म्हणजे मीटरला 200 पिक्सेल. माणसाचं डोकं टाळूपासून हनुवटीपर्यंत 22 सेंटिमीटर धरलं तर त्याला आले 44 पिक्सेल. एवढ्यात ओळखीचा माणूस ओळखू येतो, पण लेन्सनं कडेला चार-पाच पिक्सेलचा रेंदा केला तर कामाचे उरतात नऊ-दहा. कॅमेऱ्यानं 44 दिले होते, लेन्सनं ते खाल्ले. संगणकावर फोटो वाढवून देणारं सॉफ्टवेअरही चालवून बघितलं. त्यानं आबांना तोंड दिलं, गुळगुळीत, तिशीतलं, कुणा भलत्याचंच. ते पुसून टाकलं.

पोराला फोन केला, परत काढू, छपाई माझ्या खर्चानं. चूक माझीच होती, मी मध्यभाग सोडून कुठे बघितलंच नव्हतं. ओळखीच्या लग्नवाल्या फोटोग्राफरकडून 45 मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि 50 ची साधी, झूम नसलेली लेन्स मागून आणली. मेगापिक्सेल जवळजवळ दुप्पट म्हणून पोरगा खूश झाला, पण रुंदीला ते 8256, म्हणजे आधीपेक्षा तिसऱ्या हिश्शानं जास्त, बस. माझा डाव वेगळा होता. होडीतून आणखी लांब जायचं, दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवून काढायचं आणि लेन्सच्या वाईट कडा कापून फेकायच्या. जास्तीचे पिक्सेल मला फेकण्यासाठी हवे होते.

आबांना सुचवून बघितलं, "आबानू, यावेळी जरा मधी उभे रवा."

"मी मधी इलंय तर दोर कोण गुंडाळतलो?"

विषय संपला.

होडी हलत होती, तिथे तिवईचा उपयोग नाही. ऊन खाली यायला लागलेलं, पण अजून कडक, चेहऱ्यांवर सरळ. सेकंदाचा सोळाशेवा भाग, भोक 5.6 (आकडा जितका मोठा तितकं भोक लहान). त्याहून फार लहान केलं की प्रकाश पसरून पुन्हा सगळं मऊ होतं, 22 वर तर नक्कीच. लेन्स दर पाच मिनिटांनी ओलसर फडक्यानं पुसायची. कोरड्यानं पुसली की मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. दोनशेच्या वर फोटो काढले तेव्हा दोनांत सगळ्यांची तोंडं धड मिळाली. जाळ्यात मासळी बेताचीच होती, तरी बांगड्यांचा एक वाटा माझ्या पिशवीत आलाच.

दोन्ही कडा दहा-दहा टक्के कापल्यावर उरले 6600 पिक्सेल. इंचाला 46. आधी 42 होते. कागदावर फरक म्हणावा तर हा एवढाच.

यावेळी छापण्याआधी चारही कोपऱ्यांचे फूट-फूटभर तुकडे छापून भिंतीला लावून बघितले, तेही हातभर अंतरावरून. मगच तीन पट्टे सोडले.

नवीन फोटो लागला तेव्हा आबा थेट डाव्या टोकाला गेले. कपाळावरची आठी, तोंडातलं पान, मनगटाला गुंडाळलेलं फडकं, सगळं बोटानं तपासलं. मान हलवली. मग हळूहळू भिंतीच्या कडेकडेनं मध्यापर्यंत आले, वाळूवर बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आणि कुत्रो खय गेलो?"