कलम चार

एफआयआरची प्रत हातात आली की मी आधी कलमं बघत नाही. घटना कधी घडली आणि ठाण्यात माहिती कधी मिळाली, हे दोन रकाने बघते. फिर्याद पारधी कुटुंबाची असेल तर या दोन वेळांमध्ये बहुतेकदा अख्खी रात्र गेलेली असते. त्या रात्री ठाण्याच्या बाकावर काय काय झालं, ते पुढं कुठल्याच कागदावर येत नाही.

मी कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांच्या, म्हणजे ॲट्रॉसिटीच्या केसेसमध्ये फिर्यादीच्या बाजूनं, सरकारी वकिलांच्या जोडीनं उभी राहते. २०१६ पासून कायद्यात कलम १५ए आलं. जामीन असो, आरोपमुक्ती असो की शिक्षा, पीडिताला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकावंच लागतं. ही नोटीस म्हणजे उपचार नाही, ती बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये हरिराम भांभी प्रकरणात स्पष्ट केलं. त्यामुळं माझ्यासारखीला उभं राहायला जागा मिळाली. पण मी उभी राहते तोवर कागद तयार झालेला असतो.

आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावची केस सांगते. गावाचं, माणसांचं आणि ठाण्याचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे. नदीकाठच्या मोटारींची केबल चोरीला गेली. गायरानात पारध्यांची पालं होती. रात्री जेवणवेळेला गावातली पंधरा-वीस माणसं पालावर आली. पालं उपटली, चुलीवरचं लाथाडलं, नवऱ्याला काठीनं मारलं, मध्ये पडलेल्या बायकोचा हात मोडला. त्या जमावातल्या चौघांना ती नावानिशी ओळखत होती. त्यांच्याच रानात ती भांगलायला जाते. त्यांच्या घरच्या बायका तिला नावानं हाक मारतात.

एफआयआरमध्ये काय आलं? ‘गावातील अनोळखी इसमांनी किरकोळ कारणावरून शिवीगाळ करून मारहाण केली.’ बस्स. जातीवरून काय बोलले त्यातला एक शब्द नाही. ॲट्रॉसिटीचं कलम नाही. पालं उपटली याचा उल्लेख नाही.

मी तिला विचारलं, चौघांची नावं का नाही सांगितलीस? तर म्हणाली, ‘सांगितली की ओ ताई. साहेब म्हणाले, नावं मागनं बघू, आधी दवाखान्यात जावा.’ दवाखान्यातनं परत आली तर नवरा आत बसवलेला. केबल कुठं विकली, हे त्याला विचारत होते. मार खाल्लेला माणूस फिर्याद द्यायला ठाण्यात गेला आणि तिथं संशयित झाला. पहाटे तिचा अंगठा घेतला. लिहिलेलं वाचून दाखवलं का, असं विचारल्यावर ती माझ्याकडं बघतच राहिली. असं काही असतं हेच तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

असतं. कायद्यात लिहिलेलं आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम चार २०१५ च्या दुरुस्तीनं नव्यानं लिहिलं गेलं. लोकसेवकानं करायच्या गोष्टी त्यात एकेक करून दिल्या आहेत. तोंडी तक्रार लिहून घेतली तर सही घेण्याआधी ती वाचून दाखवायची. गुन्हा योग्य कलमांखाली नोंदवायचा. प्रत ताबडतोब द्यायची. जबाब नोंदवायचे. साठ दिवसांत तपास करून दोषारोपपत्र दाखल करायचं, उशीर झाला तर कारण लेखी द्यायचं. यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या लोकसेवकाला सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद आहे.

अटकपूर्व जामीन नाकारणाऱ्या कलम अठरावर आपल्याकडं चहाच्या गाड्यावरसुद्धा मतं असतात. कलम चार माहीत असलेला माणूस मला कोर्टाच्या आवारातही शोधावा लागतो. या कलम चारला एक परंतुक, म्हणजे अट, जोडलंय. प्रशासकीय चौकशीनं शिफारस केली तरच लोकसेवकावर या कलमाखाली आरोप ठेवता येतो. म्हणजे चूक खात्याची, चौकशी प्रशासनाची, आणि शिफारस आली नाही तर विषय तिथंच संपला. आदिवासींवरच्या हिंसेत कायद्याची जबाबदारी काठी मारणाऱ्यापर्यंत कधीमधी पोचते. कागद बिघडवणाऱ्यापर्यंत ती जवळपास कधीच जात नाही, आणि काठी मारणारा सुटतो तो बहुतेक वेळा त्या बिघडलेल्या कागदामुळंच.

हे मी माझ्या चार केसेसवरून म्हणत नाही. कैलास विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा ५ जानेवारी २०११ चा निकाल काढून वाचा. घटना १३ मे १९९४ ची, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातली. एका भिल्ल तरुणीला मारहाण करून, विवस्त्र करून गावच्या रस्त्यावरून फिरवलं. सत्र न्यायालयानं भारतीय दंड संहितेबरोबर ॲट्रॉसिटीखालीही शिक्षा दिली. उच्च न्यायालयात ॲट्रॉसिटीची शिक्षा रद्द झाली. कारणं दोन. जातीचा दाखला हजर केला नव्हता, आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं केला नव्हता. दाखला जोडणं काय किंवा तपास कोणी करायचा हे ठरवणं काय, दोन्ही कामं पोलिसांची, त्या बाईची नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं या तांत्रिक कारणांबद्दल आश्चर्य व्यक्त केलं, पण राज्य सरकारनं त्याविरुद्ध अपीलच केलं नव्हतं, म्हणून त्या भागाला हात लावता आला नाही. तपास चुकीच्या हाती देणाऱ्याला कुणी जाब विचारल्याचं त्या निकालात कुठंही दिसत नाही.

जातीच्या दाखल्याचं तर वेगळंच दुखणं आहे. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीच्या वास्तव्याचे पुरावे मागतात. ज्याच्या आज्याला कुठल्या गावानं चार दिवस सुखानं टेकू दिलं नाही, त्यानं शाळेचा दाखला किंवा सातबारा आणायचा कुठनं?

‘पण खोट्या केसेसही होतात की,’ असं मला कोर्टात, लग्नात, शेजारीपाजारी सगळीकडं ऐकायला मिळतं. यावरची मोठी लढाई आपल्या दारातच सुरू झाली होती. कऱ्हाडच्या शासकीय औषधनिर्माण महाविद्यालयातल्या एका कर्मचाऱ्याच्या तक्रारीवरून सुभाष काशिनाथ महाजन प्रकरण उभं राहिलं आणि २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी आणि अटकेआधी मंजुरी अशा अटी घातल्या. देशभर आंदोलन झालं. संसदेनं त्याच वर्षी कलम १८ए आणून त्या अटी काढल्या आणि १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयानंही पुनर्विलोकनात आपले ते निर्देश मागं घेतले. त्या तीन न्यायमूर्तींच्या पीठात भूषण गवई होते. पुढं सरन्यायाधीश म्हणून त्यांच्याच हस्ते १७ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं. आरोपी निर्दोष सुटला म्हणजे फिर्याद खोटी होती, असं म्हणणाऱ्यांनी एकदा तरी निकालपत्राची शेवटची पानं वाचावीत. एफआयआरला उशीर, नावं नंतर घातली, नेमकी शिवी नमूद नाही, पंच फितूर. यातला उशीर कुणी केला? नावं पहिल्या रात्री कुणी गाळली? त्याचं स्पष्टीकरण मात्र साक्षीच्या पिंजऱ्यात त्या बाईकडून मागितलं जातं.

कायद्याचा हात अधिकाऱ्यांपर्यंत जाऊ शकतो, याचं एक उदाहरण मी ज्युनिअर मुलांना नेहमी सांगते. तमिळनाडूच्या धर्मपुरी जिल्ह्यातलं वाचाती. २० जून १९९२ ला चंदनाच्या तस्करीचं निमित्त करून वन, पोलीस आणि महसूल खात्याची माणसं या आदिवासी गावात शिरली. घरं लुटली, माणसं बडवली, अठरा मुली-बायकांवर बलात्कार केले. तीन वर्षांनी उच्च न्यायालयाच्या आदेशानं सीबीआय आली. आरोपी २६९, सगळे सरकारी नोकर. २९ सप्टेंबर २०११ ला निकाल लागला तेव्हा त्यातले ५४ मेलेले होते, हयात असलेले सगळेच्या सगळे २१५ दोषी ठरले. बरोबर बारा वर्षांनी, २९ सप्टेंबर २०२३ ला मद्रास उच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. प्रत्येक पीडितेला दहा लाख द्यायला सांगितले आणि त्यातली निम्मी रक्कम बलात्कार करणाऱ्यांकडून वसूल करायला सांगितली. शिवाय तेव्हाचे जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि जिल्हा वन अधिकारी यांच्यावर कारवाईचा आदेश दिला. एकतीस वर्षं लागली, म्हणून मी याला विजय म्हणत नाही. पण पांघरूण घालणाऱ्यांनाही नावानिशी नाही तरी हुद्द्यानिशी धरलं, हे त्या निकालात आहे आणि ते आपल्याला वापरता येतं.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. पारधी अनुसूचित जमातीत आहेत, म्हणून त्यांना हा कायदा लागू होतो. कैकाडी समाज विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहे आणि कोल्हापुरात विमुक्त जातीत. म्हणजे नागपुरात कैकाड्याचं घर पेटवलं तर ॲट्रॉसिटी, इचलकरंजीत पेटवलं तर नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. भटक्या जमातीतले म्हणून त्यांनाही हा कायदा नाही. भिक्षा मागत फिरणाऱ्या माणसावर संशय घ्यायला गावाला वेळ लागत नाही, आणि तो भटका आहे म्हणूनच मारला गेला, हे म्हणायला कायद्यात जागा नाही.

आणि हे कोल्हापुरात व्हावं, याचा मला मनापासून राग येतो. १९१८ साली शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात हजेरीची, म्हणजे गुन्हेगार समजल्या गेलेल्या जातींच्या माणसांनी सरकारदरबारी हजेरी देण्याची पद्धत बंद केली. फासेपारध्यांना बोलावून काम दिलं, पहाऱ्यावर नेमलं, सोनतळीला राहायची सोय केली. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला, सुकन्या शांता प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा पोलिसांना सांगावं लागलं की विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होऊ देऊ नका. शंभर वर्षांपूर्वी इथल्या राजानं ज्यांच्या हाती पहारा दिला, त्यांच्याकडं आज केबल गेली की पहिली गाडी जाते.

त्या केसचं पुढं काय झालं ते सांगते. आम्ही अधीक्षकांकडं लेखी अर्ज दिला, मग विशेष न्यायालयात गेलो. पुरवणी जबाब झाला, चौघांची नावं आली, ॲट्रॉसिटीची कलमं लागली, तपास डीवायएसपींकडं गेला. ती तारखेला येते तेव्हा तिचा एसटीचा खर्च आणि बुडालेली मजुरी नियम अकराप्रमाणं मिळायला हवी. त्यासाठीही दर वेळी अर्ज करावा लागतो, आम्ही करतो. आरोपीचे वकील तिला आता विचारणार आहेत की ही नावं पहिल्या दिवशी का नव्हती. तिच्या वतीनं मी त्या रात्रीच्या ठाण्यातल्या सीसीटीव्ही चित्रणाची मागणी रेकॉर्डवर ठेवली आहे.

कलम चारच्या चौकशीसाठी दिलेल्या अर्जाला नुसती पोच मिळाली आहे. माहिती अधिकारात विचारलं तर उत्तर आलं, ‘चौकशी प्रगतीपथावर आहे.’ पूर्वी यावर उच्च न्यायालयात रिट याचिका करायची म्हणजे मुंबईला खेटे, राहण्याचा खर्च, आणि वकील शोधण्यापासून सुरुवात. आता सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सहा जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालय बसतंय. रिटचा मसुदा तयार आहे. सोलापूर, सांगली, साताऱ्यात अशा केसेस चालवणाऱ्या वकील मित्रमैत्रिणींनी आपल्याकडची कलम चारची प्रलंबित प्रकरणं कळवावीत, म्हणजे एकत्रच दाखल करता येतील.