ग्युमरीच्या रस्त्यावरची झिगुली

आर्मेनियातलं गार्नीचं देऊळ, गेघार्दचा मठ, सेवान तलाव, सगळं पाहून झालं. सुंदर आहे, आणि त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते राजधानी येरेवान ते ग्युमरी या जेमतेम सव्वाशे किलोमीटरच्या रस्त्याबद्दल, खरं तर ज्या गाडीतून आम्ही गेलो तिच्याबद्दल.

भाची येरेवानला मेडिकलला आहे. तिच्या घरमालकीणबाईंचे भाऊ ग्युमरीचे. ते घरी परतत होते, "हॉटेल-टॅक्सी कशाला, माझ्याबरोबर चला" म्हणाले. खाली पांढरी झिगुली, म्हणजे सोव्हिएत बनावटीची मोटार, उभी होती, १९७०च्या दशकातली, गोल दिव्यांची. पाहताक्षणी ओळखीची वाटली. डोंबिवलीत शेजाऱ्यांकडे प्रीमियरची ११८ एनई होती, तीही अशीच चौकोनी. दोघींचं मूळ एकच, इटलीची फियाट १२४. आपल्याकडे त्या अंगात निसानचं इंजिन बसवलं, रशियनांनी मात्र गाडीच जवळजवळ नव्याने घडवली.

सोव्हिएत सरकारने फियाटशी करार केला १९६६ साली. व्होल्गाकाठच्या तोल्यात्तीत कारखाना उभा राहिला. इटालियन कम्युनिस्ट नेते तोल्यात्ती वारल्यावर, १९६४मध्येच, त्या शहराला त्यांचं नाव दिलं होतं. १९ एप्रिल १९७०ला पहिल्या ६ गाड्या बाहेर पडल्या. त्याआधी इटालियन गाड्या तिथल्या रस्त्यांवर पळवून पाहिल्या, तर सांगाडे तडकले आणि मागचे डिस्क ब्रेक चिखलाने खाल्ले. मग पत्रा जाड केला, गाडी जमिनीपासून उचलली, मागे ड्रम ब्रेक आले, इंजिन बदललं. ८००हून जास्त बदल झाले म्हणतात. आणि हीटर दणकट बसवला. लोक या पहिल्या मॉडेलला लाडाने 'कोपेयका' म्हणजे 'पैसा' म्हणतात. तिच्या सुधारित आवृत्त्या धरून ४८ लाखांच्या वर गाड्या निघाल्या.

मागच्या सीटवर पाय आखडून बसावं लागतं, पट्टा नाही, खिडकीचं हँडल दोन्ही हातांनी फिरवावं लागलं. तरी सांगते, खड्ड्यांत ही गाडी भाड्याच्या नव्या गाडीपेक्षा कमी हिसके देते. उजव्या हाताला अरागात्स पर्वत बराच वेळ सोबत होता.

अश्तराकच्या पुढे गॅस भरायला थांबलो. डिकीत सिलिंडर होता, त्यामुळे प्रवाशांनी खाली उतरायचं. सीएनजीच्या रिक्षांमुळे आपल्याला त्याची सवय असतेच. रांग मोठी होती. काका बोलू लागले, भाची मराठीत सांगत गेली.

गाडी त्यांच्या वडिलांची. ग्युमरीचं नाव तेव्हा लेनिनाकान होतं, वडील तिथल्या कापडगिरणीत होते. पैसे साठवून भागत नसे, यादीत नाव घालून वर्षानुवर्षं थांबावं लागे. गाडी आली त्या दिवशी सगळी चाळ (भाचीचा शब्द, त्यांची इमारत नऊ मजल्यांची होती) खाली उतरली. वडील रोज रात्री वायपर काढून घरात ठेवत, कारण सुटे भाग मिळत नसत आणि चोरीला जात.

७ डिसेंबर १९८८, सकाळचे ११.४१. भूकंपात ती इमारत पडली. काका तेव्हा विशीतले, आईला घेऊन बाहेरगावी निघाले होते, म्हणून दोघं वाचले. वडील गिरणीतून चालत आले. काकांची काकू आणि तिची मुलं आत होती. आर्मेनियात त्या दिवशी निदान २५ हजार माणसं गेली.

तंबू मिळेपर्यंत त्यांचं घर ही गाडी. लेनिनाकानची थंडी आर्मेनियातही कुप्रसिद्ध. पुढच्या सीटा मागे पाडल्या की झोपता येतं. तिथे आळीतली लहान मुलं दाटीवाटीने झोपवायची, मोठे बाहेर शेकोटीपाशी. पेट्रोल मिळत नव्हतं. तासाला थोडा वेळ इंजिन चालवायचं, हीटरने आत ऊब धरली की बंद. वडील रात्रभर घड्याळ हातात धरून बसत. दिवसा त्याच सीटांवरून जखमींना नेलं. "सीटचं कापड आईने नंतर बदललं," काका म्हणाले. का, ते भाचीने विचारलं नाही. मीही नाही.

ज्या कुणी तोल्यात्तीत बसून त्या हीटरचा आग्रह धरला, त्याला ती मुलं कधी कळलीही नसतील.

ग्युमरीत दुपार त्यांच्या घरी गेली. जेवणावर वेगळं लिहावं लागेल. काळ्या दगडाची जुनी घरं, चर्च, सगळं भराभर पाहिलं.

संध्याकाळी चौकाजवळ गाडी लावली होती, तर फिरायला आलेला एक घोळका तिला टेकून फोटो काढत होता. एकजण बॉनेटवर चढून बसला. जुन्या सोव्हिएत गाड्यांतून सहली येरेवानमध्ये मिळतात, त्यात गंमत म्हणून हेच करतात. काका काही बोलले नाहीत, ते पाहुण्यांना बोलतच नाहीत. मी बोलले, मोठ्याने, आणि तो उतरेपर्यंत तिथून हलले नाही. तुम्ही आर्मेनियाला गेलात तर झिगुलीत जरूर बसा, मालकाला विचारून, सीटवर. बहुतेक मालक विचारल्यावर बॉनेट उघडूनही दाखवतात, आणि मग कॉफी प्यायल्याशिवाय सोडत नाहीत.