सात लाल गोटे

परवा नेलपॉलिशने सात गोटे लाल रंगवले आणि लाटांच्या काठाशी ठेवून बसले. लेक म्हणाली, "आई, तुला खरंच काही कामं नाहीत." तासाभरात पाच गायब. दोन सापडले, तेही ठेवल्या जागेपासून वीसेक पावलं उजवीकडे.

लाट तिरकी चढते, गोट्यालाही तिरकंच वर ढकलते. परतताना मात्र पाणी उतारावरून सरळ खाली येतं. पुन्हा तिरकं वर, पुन्हा सरळ खाली. करवतीच्या दात्यांसारख्या या वाटेने अख्खी पुळण सरकत असते. ती अडवायला किनाऱ्याला काटकोनात बांध घातला, की एका बाजूला वाळू साचते आणि पलीकडची बाजू उपाशी राहते. शेजाऱ्याच्या ताटातलं ओढून घेतल्यासारखंच!

इंग्लंडमधल्या हॉलसँड्स गावाचं तर फारच वाईट झालं. १८९७ पासून गोदीच्या बांधकामासाठी तिथले गोटे उपसले. समुद्र भरून देईल, असं गृहीत धरून. त्याने दिलं नाही. पुळण खचत गेली आणि जानेवारी १९१७च्या वादळाने जवळजवळ सगळी घरं पाडली.

नेदरलँड्सने २०११ मध्ये उलटं केलं. सुमारे २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू एकाच जागी ओतली आणि पसरवायचं काम वारा-लाटांवर सोपवलं. असला हुशार आळस मला फार आवडतो.

(नेलपॉलिश समुद्रात सोडायला नको होतं, हे घरी आल्यावर सुचलं. पुढच्या वेळी नुसते वेगळ्या रंगाचे गोटे.)